नाकाकडे बघ, डोळ्यांकडे नको

चिरंजीव चिमट्या यास,

ताईचे आशीर्वाद. अनेक असं लिहायची पद्धत आहे, पण या वेळी थोडेच पाठवते आहे. उरलेले पत्राच्या शेवटी, तुझं वागणं बघून. तुझा गुडघा कसा आहे? आमच्या भावजयबाईंची पाठ? घरात सगळे मजेतच असणार, कारण मजेत असल्याशिवाय माणसाला दुसऱ्याचं दुकान बंद करायला एवढा रिकामा वेळ मिळत नाही. मी ठणठणीत आहे. दात आहेत, कान आहेत, रक्तदाब तुझ्यापेक्षा बरा आहे. फक्त डोळ्यांतून पाणी येतं. एवढ्याशा गोष्टीवरून तुम्ही सगळ्यांनी मिळून जो धुमाकूळ घातलात, त्याचा समाचार घ्यायला हे पत्र. फोनवरच घेतला असता, पण फोनवर तू मध्येच 'ताई, आधी शांत हो' म्हणतोस. पत्रात तुला तोंड नाही, म्हणून पत्र.

आधी त्या फोटोचं बघू. तुझा मुलगा, म्हणजे माझा लाडका भाचा (अजूनही लाडकाच आहे, पण आता जरा हात आखडता घेऊन), ऑफिसच्या कामासाठी इकडे आला होता. आत येऊन 'आत्या, चहा पाज' म्हणायचं सोडून हा बाबा काचेबाहेर उभा राहिला आणि चोरासारखा माझा फोटो काढून मोकळा झाला. फोटोत मी टेबलाशी बसलेली, डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलेलं, हातात चिमटा आणि दोन्ही गालांवरून पाण्याच्या धारा. खाली त्याने तुला लिहिलं की आत्या दुकानात एकटीच रडत बसते. झालं! तू तिकडे घरची बैठक भरवलीस, ताई एकटेपणाने खचली असा ठराव पास केलास, आणि मला एका शब्दाने न विचारता गाळ्याच्या मालकाला कळवून टाकलंस की वर्ष संपलं की दुकान खाली करतो, ताईला आमच्याकडे नेतो. अण्णा गेल्यापासून गाळ्याच्या करारावर आपली दोघांची नावं आहेत, तेव्हा त्या बिचाऱ्याला वाटलं की भाऊ म्हणतो म्हणजे बहिणीने मान डोलावलीच असणार. मला हे कळलं कधी? मालक स्वतः दुकानात येऊन मला पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा देऊन गेला तेव्हा. मी त्याला विचारलं, का हो, मला काही झालंय का?

आता एक काम कर. तो फोटो परत उघड आणि मोठा कर. डोळ्यांकडे बघू नको, नाकाकडे बघ. लहानपणी मी खरी रडायला लागले की डोळ्यांच्या आधी माझं नाक लाल व्हायचं आणि तू घरभर दवंडी पिटायचास, 'ताईचं नाक पेटलं, ताईचं नाक पेटलं!' मी न्हाणीघरात कडी लावून रडून, तोंड धुऊन, हसत बाहेर आले तरी तू एक नजर टाकून सांगायचास. आईला कळायचं नाही, अण्णांना तर घड्याळाशिवाय काहीच कळायचं नाही, पण तुला कळायचं. (त्याबद्दल मी तुला जे धपाटे घातले ते योग्यच होते.) मग आता सांग, त्या फोटोत नाकाचा रंग कोणता आहे? नेहमीचा. रडणाऱ्या बाईचं नाक असं असतं? मी त्या वेळी एका नाजूक लेडीज घड्याळात केसासारखी बारीक स्प्रिंग बसवत होते, ती पहिल्या झटक्यात बसली होती, आणि तुझ्या माहितीसाठी, मी खुशीत होते.

पाणी का येतं याचं मूळ तुझ्या-माझ्या लहानपणात आहे. आठवतं ना, अण्णा आपल्याला समोरासमोर बसवायचे आणि म्हणायचे, बघा एकमेकांकडे, ज्याची पापणी आधी लवेल तो दुकान झाडणार. दुकान कायम कोण झाडायचं ते मी लिहीत नाही, पत्र तुझ्या सुनेच्या हाती लागलं तर तुझी शोभा व्हायची. 'पापणी लवली की स्क्रू गेला,' हे अण्णांचं ब्रीद. आणि खरंच आहे ते. लेडीज घड्याळातला स्क्रू एकदा चिमट्यातून उडाला की या जन्मी सापडत नाही. तू नोकरी धरून निघून गेलास, पापण्या मिटायला मोकळा झालास. मी चाळीस वर्षं भिंग डोळ्याला लागलं की पापणीला रजा देत आले. वर आपल्या गाळ्यात वारा म्हणून येत नाही, त्यामुळे टेबलावरचा पंखा थेट तोंडावर. आधी नुसतं चुरचुरायचं, वाळू गेल्यासारखं वाटायचं. मग दुपार कलली की नळ सुरू.

आणि गिऱ्हाइकांनी त्याचं काय करून ठेवलं ते ऐक. एक बाई नवऱ्याचं घड्याळ घेऊन आली. नवरा नुकताच गेला होता, घड्याळ त्याच्याही आधी बंद पडलं होतं. मी तिला सांगितलं की मेन स्प्रिंग तुटली आहे. एवढंच सांगितलं, पण सांगताना माझ्या गालावरून पाणी ओघळलं. त्या बाईने माझा हात धरला आणि आतल्या स्टुलावर येऊन बसली. नवऱ्याच्या घोरण्यापासून त्याच्या चपलांपर्यंत सगळं सांगून झाल्यावर उठली आणि बाहेर जाऊन चार जणींना सांगितलं की त्या घड्याळवाल्या बाई डोळ्यांत पाणी आणून काम करतात. तेव्हापासून गेलेल्या माणसांची घड्याळं माझ्याकडे रीघ लावून येतात. माझी तक्रार नाही, जिवंत माणसांपेक्षा त्यांची घड्याळं चांगली ठेवलेली असतात. पण प्रत्येकाला बसायचं असतं! ते एक स्टूल आता गुळगुळीत झालंय.

पण हेही मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते एका निवृत्त मुख्याध्यापकांचं. मी दुरुस्त केलेलं त्यांचं घड्याळ मागे पडत होतं, आणि ते भांडायला आले होते. रीतसर, बाह्या सरसावून. भांडायचा त्यांना पूर्ण हक्क होता आणि मीही तयारीत होते. पण माझं तोंड बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. 'असू द्या, असू द्या, दोन मिनिटांनी काय होतं,' म्हणून ते मागे पडणारं घड्याळ मनगटावर तसंच ठेवून चालते झाले. चिमट्या, माझ्या हातचं घड्याळ मागे पडतंय आणि माणूस ते दयेपोटी घालून हिंडतोय! अण्णांनी हे बघितलं असतं तर दुकानाला स्वतः कुलूप लावलं असतं. मी काउंटरवरून उडीच मारायची बाकी ठेवली आणि त्यांच्या मागे धावले. गालावरून पाणी वाहतंय, मी 'अहो थांबा, असं सोडून जाऊ नका' म्हणून ओरडतेय आणि पुढे हे गृहस्थ पाय उचलून चाललेत. कोपऱ्यावरच्या लोकांनी त्यांना अडवलं आणि वर चार शब्द सुनावले की या वयात बाईमाणसाला असं रडवू नये. मी त्यांच्या मनगटावरून घड्याळ ओढून काढलं तेव्हा कोणीतरी 'बरं केलंत बाई' असंही म्हणालं. घड्याळ आता सेकंदाला पक्कं आहे. मुख्याध्यापकांनी मात्र घड्याळ न्यायला मुलीला पाठवलं.

उपाय केले नाहीत असं नाही. शेजारचा औषधवाला (तुला माहीत आहे, याला कोणत्याही विषयावर गप्प बसता येत नाही) म्हणाला, बाई, लाली आहे, हे थेंब घाला. घातले. डोळे असे पांढरेशुभ्र झाले की मी आरशात बघून स्वतःशीच हसले. तासा-दोन तासांत पुन्हा लाल, आधीपेक्षा जास्त. परत घातले. असं करत करत मी त्या बाटलीच्या इतकी आहारी गेले की ती चिमट्याच्या शेजारी टेबलावरच असायची, आणि डोळे बघून वाटावं की बाई काल कोणाशी तरी मारामारी करून आल्यात.

तेवढ्यात तुझी लेक मदतीला धावली. तिने मला न विचारता (हे तुमच्या घराण्यातच आहे) एका मन मोकळं करायच्या बाईंची वेळ घेतली. मी गेले, कारण भाचीचा शब्द मोडवत नाही. मऊ खुर्ची, मंद दिवा, माझ्या बाजूला कागदी रुमालांचा डबा, आणि एसीचं तोंड बरोबर माझ्या डोळ्यांवर. बसल्याबरोबर धार लागली. बाई मायेने मान हलवायला लागल्या. मी म्हटलं, मी रडत नाहीये. त्या आणखी मायेने म्हणाल्या, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. जितकं मी नाही म्हणे तितकं त्या लिहून घेत. कोणाची उणीव भासते का असं विचारलं. मी खरं ते सांगितलं, की कालपासून एक स्क्रू सापडत नाहीये. तेही लिहून घेतलं. शेवटी वैतागून मी त्यांना तू लंबकाच्या घड्याळाच्या पेटीत डोकं अडकवून घेतलंस ती गोष्ट सांगितली, बारा वाजले आणि तू आतून बोंब मारलीस तिथपर्यंत. मी पोट धरून हसले, त्याही हसल्या, आणि हसताना त्यांच्या लक्षात आलं की माझी धार तशीच चालू आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, डोळे चुरचुरतात का? वाळू गेल्यासारखं वाटतं? कामाला बसलं की वाढतं? मग म्हणाल्या, ताई, तुमचं माझ्याकडे काही काम नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. प्रामाणिक बाई. तुम्हा सगळ्यांत एकटीने मला हसताना नीट बघितलं.

डोळ्यांची डॉक्टरीण तरुण आहे, चटपटीत आहे, आणि फाजील बोलत नाही. तिने माझी हनुवटी एका यंत्रावर टेकवली आणि पलीकडून भिंगातून माझ्या डोळ्यात बघायला लागली. आयुष्यभर भिंगाच्या या बाजूला बसले, त्या दिवशी पहिल्यांदा पलीकडे गेले. उघडून ठेवलेल्या घड्याळाला काय वाटत असेल ते कळलं. (यंत्राचं चाक कुरकुरत होतं. मी तेल घालून देते म्हटलं, ती नको म्हणाली.) मग तिने खालच्या पापणीत कागदाची एक चिंचोळी पट्टी अडकवली, किती ओली होते ते बघायला. माझी पट्टी बघता बघता टोकापर्यंत भिजली. मला वाटलं, परीक्षा संपली, पहिला नंबर.

मग खरी गंमत. तिने डोळ्याला एका रंगाचं बोट लावल्यासारखं केलं, निळा दिवा लावला आणि म्हणाली, आता पापणी मिटू नका. चिमट्या, हे मला? अण्णांच्या मुलीला? मी पाठ ताठ केली आणि बसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, ठीक आहे, मिटा. मी मिटली नाही. ती पुन्हा म्हणाली, झालं, मिटा आता. मी दात आवळून म्हटलं, अजून जमेल. तिची मदतनीस काम सोडून बघायला आली. बाहेर रांगेत बसलेला एक माणूस दारातून डोकावला. डोळ्यांची आग आग होत होती, पण समोर तू बसला आहेस असं समजून मी रेटलं. शेवटी पापणी पडली, आणि तो पिवळा रंग दोन्ही गालांवरून हनुवटीपर्यंत उतरला. मी तशीच, रंगलेल्या तोंडाने, ऐटीत विचारलं, किती झाले?

म्हणाली, तीन. मी म्हटलं, तीन मिनिटं फक्त? म्हणाली, तीन सेकंद. मी भांडायलाच उठले. तेव्हा तिने समजावलं की ती माझी पापणी मोजतच नव्हती. डोळ्यावर अश्रूंचा पातळ पडदा असतो, तो किती वेळ अखंड राहतो ते ती बघत होती. चांगला पडदा दहा सेकंद तरी टिकतो, माझा तिसऱ्याला फाटला. पुढचं सगळं मी फाटक्या पडद्यावर खेचलं. माझं अजूनही म्हणणं आहे की खेळाचे नियम आधी सांगायला हवे होते.

आणि निदान काय, तर कोरडे डोळे! मी पर्समधून भिजलेला रुमाल काढून तिच्या टेबलावर ठेवला. हे काय आहे मग? तिने तो बाजूला सरकवला आणि शांतपणे सांगितलं. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नाही. तळाशी चिकट थर, मध्ये पाणी आणि वर तेलाचा पातळ थर. पापणीच्या काठाला बारीक बारीक ग्रंथी असतात, पापणी मिटली की त्या दाबल्या जाऊन त्यातून थेंबभर तेल येतं. मी पापणी मिटतच नाही, म्हणून तेल आतल्या आत घट्ट होऊन बसलं. तेल नाही म्हणून पाणी उडून जातं, डोळा सुकतो, चुरचुरतो, मग शरीर घाबरून एकदम लोंढा सोडतं. तो लोंढा नुसता पाण्याचा, डोळ्यावर ठरत नाही, गालावर येतो. आणि लोक फोटो काढतात (हे तिने सांगितलेलं नाही). तिने पापणी दाबून काय बाहेर येतं ते मला पडद्यावर दाखवलं. तेल कसलं, टूथपेस्ट! कोणीतरी माझंच घड्याळ उघडून आतली घाण चारचौघांत दाखवावी तशी मी शरमले. डोळ्यात तेल घालून काम करते म्हणून जिचं नाव, तिच्याच डोळ्यात तेलाचा टिपूस नाही.

औषधवाल्याची बाटली तिने दोन बोटांनी उचलून कचऱ्यात टाकली. म्हणाली, याने लाली दबते, आजार जात नाही, आणि मागाहून दुप्पट लाली येते. बुबुळावर बारीक ठिपके उठले आहेत, दुर्लक्ष केलंत तर जवळचं काम सोडावं लागेल. तुझ्यापासून काय लपवायचं, मी घाबरले. मी विचारलं, म्हणजे बिघडलंय किती? तेव्हा ती म्हणाली, मोडलेलं काही नाही, तेल आटलंय, पण असंच चालवत राहिलात तर झिजेल. अरे, हे माझं वाक्य आहे! अण्णांचं वाक्य आहे! मी रोज गिऱ्हाइकांना हेच सांगते आणि ते ऐकत नाहीत म्हणून त्यांच्यावर खेकसते. आता मी कोणत्या तोंडाने वाद घालणार होते?

तेव्हा मी सगळं मुकाट्याने करते आहे. सकाळ-संध्याकाळ मिटलेल्या डोळ्यांवर गरम फडकं, मग पापण्यांच्या काठाकडे हलक्या बोटाने चोळायचं, काठ पुसून साफ ठेवायचे, डॉक्टरणीने दिलेले साधे अश्रूंसारखे थेंब घालायचे, पंखा तोंडावरून काढायचा. इथवर ठीक. पण कामाच्या मध्ये थांबून पापणी मिटायची, आणि अर्धीमुर्धी नाही, पूर्ण मिटायची, क्षणभर धरायची, मग उघडायची! अण्णांच्या टेबलाशी बसून पापणी मिटायची म्हणजे त्यांच्या फोटोकडे पाठ करून बसण्यासारखं वाटायचं. शिवाय आठवणच राहीना. शेवटी मी दुरुस्तीला आलेली भिंतीवरची घड्याळं अशी लावून घेतली की थोड्या थोड्या वेळाने एकेक घड्याळ टोला देईल. टोला पडला की चिमटा खाली, डोळे बंद. समोरचा झेरॉक्सवाला दोनदा तक्रार करून गेला. मी म्हटलं, वैद्यकीय सल्ला आहे.

यातून नवीनच घोळ. गिऱ्हाईक काळजीने विचारतं, बाई, होईल ना हो बरं? नेमका टोला पडतो. मी एक शब्द न बोलता हळूच डोळे मिटते. एक गृहस्थ तर मटकन स्टुलावर बसले आणि म्हणाले, म्हणजे गेलंच का? एका बाईने तिथूनच मुलाला फोन लावून बाबांचं घड्याळ गेल्याचं कळवलं आणि दोघं फोनवर रडले, घड्याळात बिचाऱ्याच्या फक्त कचरा होता. मग मी एक पाटी रंगवून घेतली आणि काउंटरवर उभी केली: 'मी रडत नाही. हा डोळ्यांचा आजार आहे. मी डोळे मिटले तर घड्याळाबद्दल गैरसमज नसावा. चौकशी करू नये.' आणि सांगायला आनंद वाटतो की पाटीने काम चोख केलं. आता कोणी हात धरत नाही, कोणी मायेने मान हलवत नाही. धारही निम्म्यावर आली आहे. परवा डॉक्टरणीने पुन्हा मोजलं. सात सेकंद! ती म्हणाली, असंच चालू ठेवा, काम सोडायचं कारण नाही.

आणि या सगळ्यात, ज्या आठवड्यात माझे सात सेकंद आले, त्याच आठवड्यात तुझ्या कृपेने एक माणूस टेप घेऊन दुकानात हजर. मोबाईलची कव्हरं विकतो. मालकाने पाठवलं होतं, गाळा खाली होतोय म्हणून. त्याने मला नमस्कार केला, पाटी वाचली, आणि माझ्यासमोर भिंती मोजायला लागला. मग अण्णांच्या टेबलाला टेप लावली. त्या खाचेवर, जिथे अण्णांचं कोपर टेकून टेकून लाकूड झिजलंय. म्हणाला, हे टेबल काढून टाकावं लागेल, इथे माझा रॅक येईल. मी उठले. त्याच्या हातातली टेप सर्रकन गुंडाळली, त्याच्या खिशात घातली आणि त्याला सांगितलं की हे टेबल काढायला तुला आधी मला काढावं लागेल, आणि मी जड आहे. तो जो पळाला तो चप्पल नीट न घालताच. झेरॉक्सवाल्याने टाळ्या वाजवल्या. अशी आहे तुझी खचलेली ताई.

तेव्हा आता माझं म्हणणं ऐक. मी येणार नाही. तुझ्या घरात प्रत्येक खोलीत एसी आहे, वर तू जेवतानासुद्धा पंखा लावतोस. डॉक्टरणीने एसी आणि वारा दोन्ही वर्ज्य सांगितलेत, म्हणजे तुझ्या घरी राहणं मला वैद्यकीय दृष्ट्या घातक आहे. तू मालकाला आजच्या आज कळव की दुकान खाली होणार नाही, करार पुढे चालू. तुझ्या तोंडाने केलेलं तुझ्याच तोंडाने निस्तर. तू कळवलं नाहीस तर मी इथेच बसणार आहे, करार असो वा नसो, भिंग डोळ्याला लावून. पापणी मिटत मिटत बसेन, पण बसेन.

भावजयबाईंना सांग, पाठीला गरम फडकं उत्तम. मुलांना माझे आशीर्वाद, त्यांना पूर्ण देते आहे, ती पोरं आहेत.

तुझी, दुकान उघडं ठेवून बसलेली,
ताई

ता. क. वरच्या पानावर शाई दोन ठिकाणी पसरली आहे. ते माझे औषधाचे थेंब आहेत. लगेच बैठक भरवू नको.

आणखी एक ता. क. तूही अण्णांचाच मुलगा आहेस आणि दिवसभर कॉम्प्युटरपुढे डोळे फाडून बसतोस. सारखा डोळे चोळत असतोस असं तुझी बायको फोनवर सांगत होती. त्या डॉक्टरणीकडे मी तुझं नाव सांगून ठेवलंय. म्हणजे तुला इकडे यावं लागेल. आलास की दोन दिवस राहा, तुझं स्टूल आहे.

शेवटचं ता. क. खरं म्हणजे हे लिहायचं नव्हतं. तो टेपवाला पळून गेला, झेरॉक्सवाल्याच्या टाळ्या संपल्या, आणि मी टेबलाशी बसले. टेबलावर टेपने धूळ पुसली गेलेली एक रेघ उमटली होती. अण्णांच्या खाचेवरूनच गेलेली. आणि मी रडले, चिमट्या. खरी. हुंदके देऊन. भर दुपारी, चालत्या दुकानात. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांनी पाटी वाचली आणि आपापली घड्याळं ठेवून गेली. औषधवाला डोकावला आणि म्हणाला, बाई, आज थेंब घालायचे राहिले वाटतं? मी म्हटलं, हो, राहिलेच. त्या सगळ्या वेळात माझं नाक पेटलं होतं, पण ते ओळखणारं इथे कोणीच नव्हतं.

उरलेले आशीर्वाद घे. ये तू. पाटी काउंटरवर तशीच राहणार आहे, ती गिऱ्हाइकांसाठी आहे. तू आत येताना ती वाचत उभा राहू नकोस, नाकाकडे बघ.